चांदीच्या कड्यांचा चाबूक

"छोडो! छोडो बोला ना! क्यूं पकडता?"

लेहान साहेब ओरडत होता आणि मी पेंढ्यावर उताणा पडलो होतो. नाकातोंडात भुसा गेला होता, पाठ चांगलीच शेकून निघाली होती, पण शेवंताचा लगाम मी दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता. घोडी मान खाली घालून माझ्याकडे बघत होती. हा आज सकाळपासून आपल्या पाठीवरून एकसारखा कशापायी पडतोय, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

साहेब माझ्याजवळ गुडघे टेकून बसला आणि त्यानं माझं एकेक बोट लगामावरून उचकटून काढलं.

"हाबटी, हात तुमारा है. घोडा सरकार का है. समजा?"

मला समजलं होतं. माझ्या हाताला समजत नव्हतं.

माझं नाव हैबती फडतरे. आमच्या घरात तीन पिढ्यांची चाबुकस्वारी. संस्थानच्या पागेत कोरा घोडा आला की त्याला माणसाळवायचं, पाठीवर माणूस सोसायला शिकवायचं, हे आमचं काम. त्यातला पहिला धडा एकच. पडलास तर पड, हाड मोडलं तर मोडू दे, पण हातचा लगाम सुटता कामा नये. रिकाम्या खोगिराचा घोडा एकटाच पागेत परत आला की घोड्यांची चाकरी करणारे सगळे मोतद्दार काम टाकून दरवाजाकडे बघत, आता मागून पायी कोण येतोय म्हणून. त्या वाटेनं पायी येण्यापेक्षा मेलेलं बरं, असं आम्हाला लहानपणापासून वाटत आलेलं.

माझ्या वडिलांनी, आबांनी, तर या एका गोष्टीवर आख्ख्या संस्थानात नाव केलं होतं. मी पाळण्यात होतो तेव्हाची गोष्ट. एका बेफाम घोड्यानं त्यांना पाडलं आणि ओढ्यापासून पागेच्या दरवाजापर्यंत फरफटत आणलं. आबांनी लगाम सोडला नाही. कमरेचा खुबा गेला तो गेलाच. थोरल्या सरकारांनी भरल्या पागेत त्यांना आपल्या हातचा चाबूक बक्षीस दिला, मुठीला चांदीची तीन कडी असलेला. तो आमच्या घरात देव्हाऱ्याच्या वर टांगलेला असे आणि दसऱ्याला त्याची पूजा होई. आबांना मात्र तेव्हापासून बसल्या जागेवरून एकट्यानं उठता येत नसे. उठायचं झालं की ते नुसता उजवा हात वर करत, बोलत नसत. मी असेन तिथून येऊन हात द्यायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच होतो.

आणि अशा घरातल्या माणसाला हा गोरा लगाम सोडायला शिकवत होता!

लेहान साहेब आयर्लंडचा. हा मुलूख विलायतेच्या शेजारी आहे आणि तिथं बारा महिने पाऊस पडतो, एवढं त्यानंच आम्हाला सांगितलेलं. तिथं तो उड्यांच्या शर्यतीतला नावाजलेला स्वार होता. माणूस अंगानं लहान चणीचा, म्हणून पागेत त्याला सगळे लहानसाहेबच म्हणत आणि त्यालाही ते चाले. पुढं त्याचं काय बिनसलं कोण जाणे, पण कुठल्याशा पलटणीच्या घोड्यांबरोबर तो इकडं आला आणि फिरत फिरत आमच्या सरकारांच्या पदरी पडला. उघड्या अंगानं हौदावर आंघोळीला बसला की तो एकेका हाडावर बोट ठेवून आपली कारकीर्द सांगे. हे गळ्याचं हाड अमक्या गावचं, ही बरगडी तमक्या गावची, हे मनगट दोनदा मोडलं, पण दुसऱ्या खेपेला मोडलं त्या दिवशी पहिला आलो. गावांची नावं माझ्या जिभेवर बसत नसत. मी त्याच्या शर्यती हाडांवरूनच लक्षात ठेवल्या होत्या.

"हमारा गाव में," तो सांगे, "इधर एक चर्च का कळस, उधर दुसरा चर्च का कळस. बीच में पत्थर का दीवार, नाला, सब कुछ. कळस देखने का और घोडा छोडने का. रास्ता नहीं पूछने का."

मला ते भारी आवडे. मी मनातल्या मनात आमच्या भैरोबाच्या शिखरापासून पलीकडच्या गावच्या महादेवाच्या शिखरापर्यंत शेवंताला कितीदा तरी पळवून आणत असे.

शेवंता माझी होती. म्हणजे सरकारांची, पण जन्मली ती माझ्या हातात. तिची आई वितानाच ठाणावर मेली. शिंगराला मी शेळीच्या दुधावर वाढवलं. रंगानं पिवळट, कपाळावर टिकली, आणि उडी अशी की आमच्या कोटाची पडकी भिंत ती गंमत म्हणून ओलांडी. काम झालं की तिला गुळाचा खडा लागे. नाही दिला तर माझ्या फेट्याचा शेव दातात धरून ती मला चालू देत नसे.

त्या वर्षी सरकारांना मोटारीचं वेड लागलं. दसऱ्याला त्यांनी मला आणि साहेबाला समोर उभं केलं. पागेत उडीची जनावरं दोनच होती, माझी शेवंता आणि साहेबाच्या हाताखालचा सुलतान नावाचा धिप्पाड ऑस्ट्रेलियन घोडा.

"फडतरे," सरकार म्हणाले, "मार्गशीर्षात पुण्याच्या छावणीत उड्यांची शर्यत आहे. दोन्ही घोडे न्या. शेवंतावर तुम्ही बसा, सुलतानावर हा बसेल. जो पुढं येईल तो पागेत राहील. दुसरा तिथंच लष्कराला देऊन टाकायचा. मोटार आल्यावर दोन-दोन पोसायची आमची ऐपत नाही."

मी मुजरा करायचंही विसरलो. बाहेर आल्यावर साहेबानं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"तुम घबराता क्यूं? सुलतान रहा, नहीं रहा, मेरे को क्या? हम तो नाताळ के बाद घर जायेगा. तुमको मैं सिखायेगा."

आणि त्यानं खरोखरच शिकवलं. बांध आला की घोडीची पावलं किती आधीपासून मोजायची, उतरताना अंग मागं टाकून लगाम बोटांतून कसा सरकू द्यायचा, दमलेल्या घोडीला बोलून कसं सावरायचं, सगळं. आमच्या चुलीपुढं बसून भाकरी-ठेचा खाताना त्याचं तोंड लालबुंद होई, डोळ्यांतून पाणी येई, तरी तो आणखी मागे. मला भाऊ नव्हता. त्या दोन महिन्यांत तो लाभला, असं मी म्हणालो तर त्यात काही खोटं नाही.

आबा त्याच्याशी फारसं बोलत नसत. फक्त दिवाळीत एकदा मी नालबंदाकडून परत आलो, तर दोघं गंजीच्या आडोशाला बसलेले दिसले. आबांनी आपली तंबाखूची चंची साहेबापुढं केली होती. मी आल्यावर दोघंही गप्प झाले. सुलतानाच्या टाचेला काहीतरी झालं होतं, त्याचंच बोलत असतील, असं मी धरून चाललो.

पडण्याचे धडे सुरू झाले ते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

"दौड में गिरेगा," साहेब म्हणाला, "तो पहला काम, लगाम छोडने का. दुसरा काम, मुंडी अंदर, गठडी बनने का. पीछे का घोडा ऊपर से जायेगा. पकडेगा तो खलास."

"आणि घोडी पळून गेली म्हंजे?"

"जाने दो. गिरा तो रेस खतम. खतम रेस में लगाम का क्या करेगा? अचार डालेगा?"

हे मात्र मला पटलं. पडल्यावर शर्यतच संपते, तर धरून ठेवायचं कशासाठी? तरी हात ऐकेना. दिवसातून दहादा मी धावत्या घोडीवरून पेंढ्यात पडे आणि दहादा लगाम माझ्या मुठीत असे. पागेच्या दरवाजाशी दगडावर बसून आबा तमाशा बघत. कार्तिकात एके दिवशी एकदाचा लगाम सुटला. शेवंता चार पावलं पुढं जाऊन थांबली आणि आबांनी सगळ्या पागेला ऐकू जाईल असा टाहो फोडला.

"सुटला रं सुटला! फडतऱ्याच्या पोरानं लगाम सोडला! आता बांगड्या भरा त्येला!"

मोतद्दार फिदीफिदी हसले. माझं तोंड गोरंमोरं झालं. पण साहेब आबांकडे बघून कसंनुसं हसला आणि म्हणाला, "अच्छा. अब फिर से."

मार्गशीर्षात आम्ही पुण्याला गेलो. आबाही आले, छकड्यात गादीवर बसून. शर्यतीत नऊ घोडे होते. दोन फेऱ्या, चौदा उड्या. बाकीचे स्वार बहुतेक गोरे अंमलदार. सरकारांनी माझ्या अंगावर रेशमी सदरा आणि तंग विजार चढवली होती. फेट्याऐवजी डोक्यावर टोपी. शेवंतानं आधी मला ओळखलंच नाही. मी हाक मारली तेव्हा कुठं तिचे कान पुढं आले. गुळाचा खडा फेट्यात खोचलेला असे, तो फेट्याबरोबर आबांकडेच राहिला. म्हटलं, झाल्यावर देऊ.

पहिली फेरी कशी गेली ते मला आठवतसुद्धा नाही. एवढं आठवतं की पाण्याच्या चरात दोघंजण गेले, कुडाच्या उडीला आणखी एक गेला, आणि शेवंता आपल्या कोटाची भिंत ओलांडावी तितक्या सहज एकेक उडी मागं टाकत होती. दुसऱ्या फेरीत आणखी तिघं बाद झाले; पुढं फक्त सुलतान उरला, मागं एकजण. तोही हळूहळू जवळ येऊ लागला. शेवटून दुसरा अडथळा मातीचा उंच बांध. त्याच्या अलीकडं मी साहेबाच्या बरोबरीला आलो. त्यानं माझ्याकडं बघितलं. सुलतान दमला होता आणि माझ्या घोडीत अजून पुष्कळ बाकी होतं. दोघांनाही ते कळलं होतं. मला एकाएकी इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो.

तेवढ्यात पडलेल्या कुणाचा तरी मोकळा घोडा डावीकडून आडवा आला. शेवंता त्याला धडकली, सुलतान शेवंताला, आणि बांधावरून आम्ही सगळेच पलीकडं कोसळलो.

माझी बोटं आपोआप उघडली. मुंडी आत घेऊन मी गाठोडं झालो आणि गडगडत गेलो. मागचा एक घोडा माझ्या अंगावरून उडी मारून गेला, त्याच्या नालेचा वारा कानाला लागला. मग सगळं शांत झालं. हात हलवले, पाय हलवले. सगळं जागच्या जागी होतं. उठून बघतो तर शेवंता धडधाकट उभी राहून पुढं पळू लागली होती, रिकामं खोगीर घेऊन. जीव भांड्यात पडला. शर्यत गेली ती दोघांचीही गेली, म्हणजे फिटंफाट, असा हिशेब मी उभ्या उभ्या करून टाकला.

साहेब माझ्यापासून दहा हातांवर होता. चिखलात पालथा, पण सुलतानाचा लगाम त्याच्या डाव्या मनगटाला दोन वेढे देऊन आवळलेला. घोडा उठताना त्याला फरफटत चार हात घेऊन गेला. तरी तो सोडीना. मग घोडा थांबला. साहेब लंगडत उठला, रिकिबीत पाय घातला आणि वर बसला.

मला वाटलं, घोडा तंबूकडं परत नेतोय.

तो शेवटच्या उडीकडं निघाला.

पुढचं मी बांधावर उभा राहून पाहिलं. शेवंता एकटीच, कान टवकारून, शेवटचा कूड अशी सुरेख ओलांडून गेली की बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगावरून उडी मारून गेलेला तो स्वारही तिथंच पडला. शेवंता निशाणाच्या खांबाजवळून सगळ्यांच्या आधी गेली. तिच्या बऱ्याच मागून लेहान साहेब सुलतानाला हाकत हाकत गेला. आणि पहिल्या नंबराचं निशाण सुलतानाचं लागलं.

"अहो, तो तर पडला हुता!" माझ्याशेजारी एका फौजी अंमलदाराचा मोतद्दार उभा होता, त्याला मी म्हणालो.

"पडला म्हणून काय झालं? फिरून बसला न्हवं? घोडा हातात असला आन् फिरून बसलं की चालतंय. समद्या दुनियेला ठावं हाय की." त्यानं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुमाला ठावं न्हवतं?"

मी धावत वजनाच्या तंबूकडं गेलो. साहेब खोगीर मांडीवर घेऊन काट्यावर बसला होता. वजन बरोबर भरलं आणि तो बाहेर आला. डावं मनगट सुजून टम्म झालेलं, त्यावर लगामाचा वळ काळानिळा उठलेला.

"साहेब, पडलं की शर्यत संपली असं म्हणाला होतात तुमी."

"हां. बोला."

"आन् तुमी का न्हाई सोडला?"

तो खोगीर खांद्यावर टाकू लागला. मी त्याच्या सदऱ्याला धरून त्याला गदागदा हलवलं.

"माझी घोडी गेली साहेब! दोन महिनं माझ्या घरची भाकरी खाल्ली तुमी!"

"हाबटी, तुम जिंदा है."

"केसानं गळा कापलात माझा!"

"तुम जिंदा है," तो पुन्हा तेच म्हणाला. लोकांनी आम्हाला सोडवलं. मी त्याच्या तोंडावर थुंकलो. त्यानं बाहीनं गाल पुसला आणि मान खाली घालून निघून गेला. तो खोटं बोलला होता, मी त्याला भाऊ मानत होतो तेव्हाही तो खोटंच बोलत होता, आणि ते त्यानं नाकारलंसुद्धा नाही. त्या घडीला जो जाळ पोटात पेटला तो पुढं सात वर्षं विझला नाही.

गूळ आणायला मी आबांच्या छकड्याकडं पळालो. फेट्यातून खडा काढला आणि घोड्यांच्या तंबूकडं परत गेलो. शेवंताच्या जागी नुसता खुंटा होता. लष्कराचा माणूस तिला घेऊन गेला होता, सरकारांना घाई होती. गुळाचा खडा घामेजून मुठीत विरघळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. पुढच्या साली जर्मनांची लढाई पेटली आणि छावणीतले घोडे बोटीनं बसऱ्याच्या आघाडीवर गेले. तिचं पुढं काय झालं हे मला कुणी सांगितलं नाही आणि विचारून घ्यायचं धाडसही झालं नाही.

साहेब नाताळानंतर खरोखरच निघाला. जायच्या दिवशी तो आमच्या दारात आला. मी आत भिंतीकडं तोंड करून बसलो. आबांनी हात वर केला. मी उठवायला गेलो नाही, म्हणून त्यांनी खांबाला धरून कसंबसं उठवलं स्वतःला. मग त्यांनी देव्हाऱ्यावरचा तो चाबूक काढला, चांदीच्या तीन कड्यांचा, आणि दोन्ही हातांनी साहेबाच्या हातात दिला. शिवाय वाकून रामराम केला.

मला वाटलं, माझे डोळे फसवतायत. तो गेल्यावर मी आबांना विचारलं, "ज्यानं मला लुटलं त्याला घरची इज्जत काढून दिलीत?"

"पावण्याला रिकामं धाडू नये," एवढंच आबा म्हणाले.

म्हाताऱ्याला भ्रम झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शिमग्याच्या सुमाराला सरकारांची मोटार आली. तिच्यापायी सुलतानही गेला आणि पागाच मोडली. मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागलो. रोज कुणी ना कुणी शर्यतीचा विषय काढी आणि रोज मी त्या आयरिश माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. आबा ऐकत बसत. कधी एका शब्दानं त्यांनी मला अडवलं नाही.

लढाई संपून दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी पोस्टमननं एक लांबोडकं पार्सल आणून दिलं, त्यावर राणीच्या की राजाच्या डोक्याची कितीतरी तिकिटं. नाव आबांचं. शाळेतल्या उपळेकर मास्तरांना बोलावून आणलं. त्यांनी गोणपाट उसवलं. आत चाबूक होता. कडी काळी पडली होती, पण तिन्ही शाबूत होती. सोबत चिठ्ठी होती, मास्तरांनी ती वाचून मराठीत सांगितली.

चिठ्ठी साहेबाच्या बहिणीची होती. भाऊ लढाईतून धड परत आला आणि त्यानं पुन्हा उड्यांच्या शर्यती सुरू केल्या. वय झालं होतं, कुणी चांगला घोडा देईना, तरी मिळेल त्यावर बसे. गेल्या वसंतात एका लहानशा गावी पडला. लगाम मनगटाला गुंडाळलेला होता. घोड्यानं त्याला दोन शेतं फरफटत नेलं. त्याच्या पेटीत हा चाबूक निघाला आणि त्याला चिठ्ठी बांधलेली होती, की मी गेल्यावर हा हिंदुस्थानातल्या बाबाला परत धाडावा, तो मी उधार आणला आहे.

मास्तर गेले. मी म्हणालो, "बरं झालं. देवानं बघितलं."

"गप," आबा म्हणाले.

मी चमकून बघितलं. चाबूक मांडीवर घेऊन ते भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. आई गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

"त्येला काय बोलू नगंस. त्यो माझ्यापायी खोटं बोलला."

"म्हंजे?"

"दिवाळीत गंजीपाशी म्याच त्येला गाठला हुता. म्हनलं, सायेब, माझा एकच ल्योक हाय. ह्यो पडला तर लगाम सोडनार न्हाई, माज्यासारखा. मरंल न्हाईतर लुळा हुईल. त्येला सोडायला शिकीव. त्यो म्हनला, बाबा, पडल्यावर फिरून बसता येतंय, हे कळलं तर त्यो कंदीच सोडनार न्हाई. म्हनलं, मग सांगू नगंस. रेस संपली म्हून सांग. म्हनला, हाबटी मेरे को माफ नहीं करेगा. म्या म्हनलं, राग काय, निवंल."



"तुमी सोता का न्हाई सांगितलं मला? सोड म्हून?"

"कसं सांगू? ह्यो चाबूक भिंतीवर टांगून? समद्या पागंत माजं नाव कशानं हुतं? आन् त्याच तोंडानं ल्योकाला सोड म्हनू? लोक काय म्हनलं असतं?"

"म्हून लोकांपुढं मला बांगड्या भरायला निघालात."

आबा चाबकाची काळी कडी अंगठ्यानं पुसू लागले.

"आन् त्यानं सोताचा का धरला? फिरून का बसला?"

"इचारलं म्या त्येला, जायच्या दिवशी, भाइर अंगणात. म्हनला, बाबा, मेरे को छोड बोलनेवाला बाप किधर था?"

बाहेर उन्हात कुणाची तरी बैलगाडी खडखडत गेली. मी त्या चाबकाकडं बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढं साहेब बाहीनं गाल पुसत होता. एका शब्दानं तो सुटला असता, आणि मी लोकांसमोर त्याच्या तोंडावर थुंकलो तरी तो शब्द त्यानं तोंडाबाहेर काढला नाही. आणि इथं, याच घरात, माझ्या हातची भाकरी खात सात वर्षं हा माणूस माझ्या शिव्या ऐकत बसला होता, दुसऱ्याच्या नावानं दिलेल्या.

"तुमचं नाव राहावं म्हून माझी घोडी गेली, आबा."

"घोडी गेली. तू हाईस की."

"मला इचारायचं हुतं. निवड माझी हुती."

"इचारलं असतं तर सोडला असतास?"

नसता सोडला. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी लगाम धरला असता, आणि कदाचित मेलो असतो, कदाचित शेवंता सात वर्षं माझ्या दारात उभी असती आणि माझा फेटा ओढत असती. दोन्हींतलं काय झालं असतं हे आता देवालाही सांगता येणार नाही. माझ्या बापानं ते माझ्या हातून काढून घेतलं होतं, तेही माझ्याच भावासारख्या माणसाकरवी. राग धरायला आता साहेबही उरला नव्हता.

दिवस कलला. आबांची ओट्यावर जाऊन बसायची वेळ झाली. त्यांनी नेहमीसारखा उजवा हात वर केला.

मी समोरच बसलो होतो. हाताच्या अंतरावर. मी त्या हाताकडं बघितलं आणि बसून राहिलो.

थोडा वेळ हात तसाच वर राहिला. मग तो खाली आला. आबांनी भिंतीला तळवा टेकला, एकदा जोर केला, पुन्हा खाली बसले. दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्या खेपेला ते चाबकाचा आधार घेऊन उठले आणि पाय ओढत बाहेर गेले.

त्यानंतर आबा चार वर्षं जगले. दुसऱ्याच दिवसापासून मी आपणहून हात द्यायला जात होतो. पण त्यांनी पुन्हा कधी माझ्यापुढं हात केला नाही.